पाच सायकली, भरतीच्या पाण्याला

पास्कू,

काल सकाळी दुकान उघडून झाडू मारत होतो, तर मोरव्याची एक म्हातारी आली. हातात रिकामी पाटी. आत डोकावून म्हणाली, "पास्कू कुठं हाय? त्याला सांग, तेरशीच्या भरतीला दोन सायकली लागतील. मोठ्या कॅरियरच्या."

मी झाडू ठेवला, तिला बाकावर बसवलं आणि तू गेल्याचं सांगितलं. महिनाभर वसईला लेकीकडे होती म्हणे, तिला कुणी कळवलंच नव्हतं. बराच वेळ पदराने तोंड पुसत बसली. मग उठली, पाटी काखेला लावली आणि विचारलं, "मंग आता तेरस कोन बांधील?"

"मी बांधीन," मी म्हटलं.

तिने मला खालून वर न्याहाळलं. नजर माझ्या मनगटापाशी येऊन थांबली. "तू घड्यालवाला ना?" म्हणाली.

पंधरा वर्षं मी या दुकानाचा अर्धा मालक आहे आणि भाईंदर ते उत्तन या सगळ्या रस्त्यावर माझी ओळख ही एवढीच. तुझी काय शान! मुर्ध्याच्या नाक्यावर तुला चहा फुकट, राईला पोरं तुझ्या नावाने हाका मारत सायकलीमागे धावायची. मी मात्र घड्याळवाला. ड्रॉवरमधून तुझं रीळ काढलं, जाळ्याचा दोरा तोडला आणि तिच्यासमोर एकेक करून तेरा गाठी मारल्या. तिने बोट लावून मोजल्या, मान हलवली आणि गेली. तिसरी गाठ जरा सैल बसली आहे. तू असतास तर सोडून परत मारायला लावली असतीस.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मी तुला पत्र लिहितोय, हे बघून तू पोट धरून हसला असतास. पण तुझी सगळी पत्रं शेवटपर्यंत मॅगीच वाचून दाखवायची. पंचायतीची नोटीस असो की सायकलच्या सुट्या भागांची यादी असो, बहिणीने वाचल्याशिवाय तुला ती खरी वाटायची नाही. म्हणून हेही तिच्याकडेच देणार आहे. देवळात तुझ्यासाठी महिन्याची मिस्सा झाली की तिने तुझ्या कबरीपाशी बसून वाचावं. यात एक गोष्ट अशी आहे की ती तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण मॅगीला माहीत नाही. वाचता वाचता ती तिथे पोचेल तेव्हा मी समोर नसेन. हे मी मुद्दाम करतोय. थोडा भित्रेपणा आहे, पण तेवढा चालवून घे.

आधी आपलं भांडण. ते अर्धवट राहिलंय.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात आपण सहा जुन्या सायकली घेऊन स्टेशनपासून उत्तनच्या रस्त्याला लागतो तिथे पत्र्याची शेड टाकली. मी गिरगावात सायकलदुरुस्ती शिकलेला, संगमेश्वरच्याही वरच्या अंगाचा, समुद्र फक्त लांबून बघितलेला. तू होडीवर वाढलेला. पण बाप दर्यात गेल्यावर आईने तुला पाण्यात पाय टाकायची बंदी केलेली. एकाला पाणी कळत नव्हतं आणि दुसऱ्याला चेन बसवता येत नव्हती. लोक म्हणायचे, हे दुकान दिवाळीपर्यंत टिकलं तर नशीब. पुढच्या दिवाळीला आपल्याकडे नऊ सायकली होत्या. त्याच्या पुढच्या दिवाळीला चौदा.

चौदा झाल्या तेव्हा खरं भांडण सुरू झालं. सायकली चौदा आणि मागणारे चाळीस. स्टेशनवर उतरून राई-मोरव्याला जाणारे मास्तर, मिठागराचे मुनीम, पेणकरपाड्याचा दूधवाला, उत्तनहून मासळी घेऊन गाडी गाठणारे. कुणाला कुठली द्यायची आणि कधी द्यायची? मी भिंतीवर लाकडी फळी ठोकली, चौदा खिळे मारले, प्रत्येकावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला टांगला. सायकल बाहेर गेली की बिल्ला उलटा. मी म्हटलं, सायकली नंबराने द्यायच्या. एक, दोन, तीन, चार. सगळ्यांचे टायर सारखे झिजतील, कुणी कुरकुर करायला नको.

तू म्हणालास, "सदाशेट, मानूस बघून सायकल द्याची. पायात चप्पल बघून घालतंस ना?"

आणि तू तसंच करायचास. फादरना चार नंबर, कारण तिला चेनकव्हर होतं आणि त्यांचा झगा अडकायचा नाही. शिकाऊ माणसाला बुटकी आठ नंबर. बायकोशी भांडून आलेल्याला अकरा नंबर, कारण तिचं पायडल जड. "घरी पोचंपर्यंत राग उतरतो," तू म्हणायचास. मी तुला येडा म्हणायचो. पण अकरा नंबर घेऊन गेलेला मुर्ध्याचा एकजण दुसऱ्या दिवशी येऊन आपणहून म्हणाला, "काल दिली तीच द्या." तेव्हा तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी अजून विसरलेलो नाही. मी हरलो होतो आणि हे मी कधी कबूल केलं नाही. आता केलं.

खरा तंटा बुकिंगचा. मी वही घातली होती. नाव, गाव, दिवस, वाजले किती. माझं स्टेशनकडचं गिऱ्हाईक वहीत. तुझं उत्तनकडचं गिऱ्हाईक वहीत मावतच नव्हतं. कारण ते यायचं आणि म्हणायचं, "एकादशीच्या पान्याला दोन." किती वाजता? तर म्हणे भरतीला. होड्या भरतीवर किनाऱ्याला लागणार, मासळी उतरणार, मग सायकल हवी. आता भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे मला वरच्या घाटातल्या माणसाला काय ठाऊक? मी चिडून म्हणालो, "तुमच्या दर्याला नोकरीला ठेवला असता तर रोज लेट मार्क लागला असता."

तू शांतपणे जाळ्याचा दोरा आणलास. ज्या तिथीचं बुकिंग, तेवढ्या गाठी. शुद्धातली तिथी असेल तर कोरा दोरा, वद्यातली असेल तर डांबर लावलेला काळा. दोरा त्या सायकलीच्या खिळ्याला टांगायचा, सायकल परत आली की सोडायचा. झालं तुझं रजिस्टर. मग मी विचारलं, बरं, एकादशीला भरती कधी? तू बोटं न मोजता म्हणालास, "सव्वाआठ." दशमीला? "साडेसात." मी थक्क. तुझ्या बापाने तुला शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अरे, आम्ही शाळेत छड्या खाऊन पाऊणकी पाठ केली होती. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. कशासाठी, हे ना मास्तरांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. शाळेचं तोंड न बघितलेल्या तू मला माझ्याच पाढ्याचा उपयोग दाखवलास. घरी जाऊन सुमनला सांगितलं, तर माझी बायको त्या दिवसापासून एकादशी कधी हे पंचांगात बघायची बंद झाली. "पास्कलभावजींना विचारून या," म्हणायची. आमच्या घरातले उपास एका क्रिस्ताव कोळ्याच्या सांगण्यावरून चालत होते.

तर अशा दोन पद्धती एका फळीवर. वही माझी, दोरे तुझे. सगळं ठीक चाललं असतं, पण मी एक पाटी रंगवून घेतली: 'बुकिंग केलेली सायकल पाव तास राखून ठेवली जाईल.' तू मला ती वाचायला लावलीस.

"आनि पाव तासानं?"

"दुसऱ्याला."

"होडीला उशीर झाला तर?"

"तर होडीवाल्याने लवकर निघावं."

तू पाटीकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "सदाशेट, ज्याला देतो म्हनलं त्याची ती झाली. आता ती पलाली काय नि दारात उभी राहिली काय, त्याचीच हाय."

मी तुला हिशोबात पकडलं. एक सायकल एका आळशासाठी तासभर उभी, म्हणजे तीन गरजवंत माघारी गेले. त्यांचं काय? आणि पास्कू, आजही सांगतो, पाव तासाचा नियम चुकीचा नव्हता. त्या नियमानेच चौदा सायकली चाळीस माणसांना पुरल्या. लोकांनी वेळेवर यायची सवय लावून घेतली ती त्या पाटीमुळे. माझी वही नसती तर तू सगळ्या सायकली नुसत्या प्रेमाने वाटून मोकळा झाला असतास. तुझे दोरे नसते तर माझ्या वहीत उत्तनच्या बाजूचं एक नाव आलं नसतं. दुकान दोघांनी चालवलं. हे मी कुणाहीपुढे छातीठोक सांगेन.

पण नियम चुकीचा नसला तरी माणूस चुकतो. मॅगी, आता इथून पुढे जरा सावकाश वाच.

अकरा वर्षांपूर्वी मॅगीचं लग्न ठरलं. मिस्सा सकाळी दहाला. तुझा बाप गेला तेव्हा मॅगी पाच वर्षांची होती आणि तू तिला शब्द दिला होतास की तुला बाजा लावून देवळात नेईन. ती लहानपणी रुसली की तू तोंडाने बाजा वाजवायचास, हे मी बघितलंय. बाजा साधासुधा नाही, खाडीच्या मधल्या बेटावरच्या गोमा मास्तरांचाच. दुसरा चालणार नव्हता. बेटावरून होडी यायची भरतीवर. ओहोटीला भाईंदरच्या बंदरात मांडीभर चिखल. लग्नाच्या दिवशी तिथी वद्य दशमी. तू आठवडाभर आधी काळे दोरे बांधलेस, दहा दहा गाठींचे पाच. एक ते पाच नंबर, पाच वाजवणाऱ्यांना. साडेसातला होडी, पावणेनऊपर्यंत उत्तन, नऊला घरातून वरात. तू मला फक्त एवढंच म्हणालास, "तुझ्यावर सोपवतो. मला घरी लई काम हाय." आणि गेलास.

त्या सकाळी साडेसात वाजले. होडी नाही. पावणेआठ झाले. होडी नाही. आणि हायस्कूलचे खेळाचे सर चार जणांना घेऊन दारात उभे. उत्तनच्या मैदानावर त्यांचा सामना होता, एसटी चुकली होती. ते पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "पाव तास झाला की हो." मी घड्याळ बघितलं. खरंच झाला होता. बाकीच्या नऊ सायकलींपैकी सात बाहेर, दोन मोडक्या. मी फळीकडे बघितलं, ते पाच काळे दोरे बघितले. आणि मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, मित्राच्या घरचं कार्य म्हणून नियम मोडला, तर उद्या हेच सर चारचौघांत सांगतील की पाटी फक्त दुसऱ्यांसाठी आहे. मला माझ्या पाटीची लाज राखायची होती. मी बिल्ले उलटे केले आणि पाचही सायकली दिल्या.

सव्वाआठला गोमा मास्तर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, कोट हातात, वाद्यं डोक्यावर. "दशमीचं पानी आलशी असतं," म्हणाले, "पास्कूला ठाव हाय." तुला ठाऊक होतं. मला तू सांगितलं नव्हतंस, कारण सांगायची गरज आहे असं तुला वाटलंच नव्हतं. तुझ्या मते त्या सायकली त्यांच्याच होत्या, कधीही येवोत.

त्यांनी रिकामी जागा बघितली. मी दोन मोडक्या सायकली कशाबशा चालत्या केल्या, दोघांना पुढे पाठवलं. दुकानाला कुलूप घातलं, मोठा ढोल खांद्यावर घेतला आणि बाकीच्या तिघांबरोबर चालत सुटलो. मुर्ध्याच्या पुढे मिठाची बैलगाडी मिळाली. तरी पोचेपर्यंत अकरा वाजले. पुढे गेलेल्या दोघांपैकी एकाची चेन राईला तुटली होती, दुसरा एकटा काय वाजवणार? मॅगी बाजाशिवाय देवळात गेली होती.

तू देवळाच्या पायरीवर उभा होतास. नवा सूट घामाने भिजलेला. माझ्या खांद्यावरचा ढोल बघितलास. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणालास, "आलास? पानी पी. जेवल्याशिवाय जायाचं न्हाय." बाहेर येताना बाजा वाजला, जोरात वाजला, लोक नाचले. तूही नाचलास. मी मांडवाच्या कोपऱ्यात बसून जेवलो. तू समोर उभा राहून वाढत होतास.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात आलास, पाच दोरे खिळ्यांवरून काढलेस, एकेक गाठ सोडलीस आणि दोरा परत रिळाला गुंडाळलास. मी म्हटलं, "पास्कू, काल..." तू म्हणालास, "नऊ नंबरचा ब्रेक बघ." संपलं. अकरा वर्षांत तू तो विषय काढला नाहीस आणि मला काढू दिला नाहीस. तू एकदा तरी शिवी द्यायला हवी होतीस. शिवी दिली असतीस तर मी उलट बोललो असतो, भांडलो असतो, आणि त्या भांडणात कुठेतरी माफी मागून मोकळा झालो असतो. तुझ्या त्या न बोलण्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

मी धरून चाललो होतो की मॅगीला सगळं ठाऊक आहे. ती माहेरी आली की मी काहीतरी काम काढून बंदराकडे जायचो. नाताळला तिने केलेले गोड पदार्थ तू डब्यातून आणायचास, मी तुझ्याच हाती डबा परत पाठवायचो, आत सुमनने केलेले चार मोदक घालून. समोर जायची हिंमत नव्हती. तुला ते कळत होतं. तू डबा इकडून तिकडे नेत राहिलास.

आणि मग तू असा गेलास. दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. दुसऱ्या दिवशी चारला मिस्सा ठरली. मला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. मी स्वतःच बंदरावर जाऊन बेटावर निरोप धाडला. गोमा मास्तर आता थकलेत, बाजा फारसा घेत नाहीत. उत्तर आलं, "भरतीवर येतो."

तिथी तृतीया. पाऊणकी म्हटली, सव्वादोन. मी तुझं रीळ काढलं, पाच दोरे तोडले आणि तीन तीन गाठी मारल्या. एक ते पाच नंबरच्या खिळ्यांना टांगले. सायकली पुसल्या, चेनला तेल दिलं, हवा भरली आणि पाचही एकेक करून बंदरावर नेऊन उभ्या केल्या. सगळे उत्तनला तुझ्याजवळ होते. मी तिथे नव्हतो. मी तुझ्या सायकलींजवळ होतो.

सव्वादोन झाले. अडीच झाले. पाव तास संपला. होडी नाही. एक व्यापारी घाईघाईने आला. "अरे भाई, पाँच-पाँच सायकल खडी है, एक दे दो ना. उत्तन जाना है, अर्जंट."

"बुक है," मी म्हटलं.

"किसका बुक है? कोई तो है नहीं."

"पास्कूका है."

तो तुला ओळखत होता. टोपी काढली आणि पायी निघून गेला. मग मी घड्याळ मनगटावरून काढलं आणि खिशात टाकलं. ते बघत बसलो असतो तर वेडा झालो असतो. मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. पंधरा वर्षं तू मला सांगत होतास की पाणी बघ, पाणी बघ. त्या दिवशी बघितलं. भरलेलं पाणी जरा वेळ काहीच करत नाही, नुसतं उभं असतं. मग बंदराच्या दगडावरची ओली रेघ बोटभर दिसायला लागते. म्हणजे ओहोटी लागली. मला भीती वाटली, पण सोडून जायचं मनातही आलं नाही. होडी आली नसती तर मी काळोख पडेपर्यंत तिथेच उभा राहिलो असतो आणि तुझी माती चुकवली असती, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

होडी आली. एक वाजवणारा शेतावर होता, त्याला शोधून आणण्यात वेळ गेला होता. गोमा मास्तर उतरले, पाच सायकली बघितल्या, माझ्याकडे बघितलं. "आज हायेत," एवढंच म्हणाले. चार नंबर त्यांना दिली. मी दुकानातून सहावी सायकल काढली आणि ढोल तिच्या कॅरियरला बांधला. मुर्धा, राई, मोरवा, आम्ही सहा जण असे निघालो की रस्त्यावरचे लोक बाजूला होत गेले. सत्तरीचे मास्तर पुढे आणि मी मागे धापा टाकतोय.

पोचलो तेव्हा तुला घरातून नुकतं उचलत होते. दारात मॅगी. मी ढोल खाली उतरवला. अकरा वर्षांनी तिच्यासमोर उभा राहिलो. ती पुढे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "सदादादा, माझ्या लग्नात होडीनं दगा दिला, तवापन तुम्हीच ढोल खांद्यावर घेऊन आलात. पास्कू सगल्यांना सांगत असे. सदा नसता तर बाजाच आला नसता, असं म्हनायचा. आज पन तुम्हीच आनलात."

पास्कू, तू हे काय करून ठेवलंस?

होडीने दगा दिला. अकरा वर्षं तू गावभर हे सांगत होतास. माझी चूक तू दर्यावर ढकललीस आणि वर मला शाबासकी दिलीस. आणि मी मूर्ख, नाताळचा डबा घेताना मान खाली घालत होतो.

बाजा सुरू झाला. मी तुझ्या पेटीच्या मागून ढोलवाल्याची पाच नंबरची सायकल हातात धरून चालत होतो. मोठ्याने म्हणालो, "पास्कू, माझं चुकलं रे. सायकली मी दिल्या होत्या." ढोलाच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. म्हणून ते मी धरत नाही. बाजात लपून बोललेलं खरं नव्हे. म्हणूनच आज हे कागदावर लिहितोय.

लिहायची निकड आहे. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर मॅगी मला म्हणाली, "पास्कूचा अर्धा वाटा माझ्याकडं आला हाय म्हनतात. मला काय बघायचं? तुम्ही हायेत ना." तिचा नवरा बोटीवर असतो, दोन वर्षांतून एकदा येतो. तिला वहीही येते आणि दोरेही. तिच्या गाठी तुझ्यासारख्या पडतात. मिस्सेच्या दिवशी नुसत्या बोलता बोलता तिने रुमालाच्या टोकाला मारल्या त्या मी बघितल्या. मला ती दुकानात हवी आहे. फळीच्या उजव्या बाजूला, तू बसायचास तिथे. पण जिने माझ्यावर विश्वास ठेवलाय तिला तो कशावर ठेवलाय हे माहीत नसताना मी तिला त्या जागेवर बसवू शकत नाही. तू मला वाचवलंस, त्याबद्दल मी तुझा जन्माचा ऋणी आहे. पण तू सांगितलेलं खोटं मी पुढे चालवणार नाही. यावर तू भांडला असतास. भांड हवं तर.

पाटी मी काढलेली नाही. स्टेशनकडच्या लोकांना पाव तास म्हणजे पाव तास. तिच्याखाली फक्त एक ओळ वाढवली आहे: 'दोरा बांधलेली सायकल येईपर्यंत राखून ठेवली जाईल.' एवढं तुझं ऐकलं. भांडण इथे मिटलं असं समज, म्हणजे अर्ध्यावर.

उद्या तेरस. पावणेदहाला म्हातारीच्या दोन सायकली मोठ्या कॅरियरसकट तयार असतील आणि तिला उशीर झाला तरी जागेवर असतील.

मॅगी, वाचून झालं असेल. त्या दिवशी होडी उशिरा आली हे खरं, पण सायकली असत्या तर तू बाजा लावून देवळात गेली असतीस. त्या मी दुसऱ्याला दिल्या, जाणूनबुजून, एका पाटीसाठी. तुला राग येईल. येऊ दे. मग तुझं तू ठरव. फळीच्या उजव्या बाजूचं स्टूल मी पुसून ठेवलंय, त्याच्यावर कुणाला बसू देत नाही. त्याला मी एक दोरा बांधलाय. गाठ एकही मारलेली नाही, कारण तू कुठल्या तिथीला येशील ते मला माहीत नाही.